उभ्या गाडीलाही सर्व्हिसिंग लागतं

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत गाडीचं वर्ष ठरलेलं असतं. एरवी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा अंगणात कव्हर घालून उभी. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी मंडई, बँक, कुणाला स्टेशनवर सोडणं. मग गणपतीत गाव, दिवाळीत माहेर, मे महिन्यात कोकण नाहीतर तुळजापूर-अक्कलकोट. तेव्हा मात्र पाच माणसं, मांडीवर एखादं पोर, डिकी गच्च भरलेली आणि समोर घाट. अशा गाडीच्या मालकाला सर्व्हिसिंगचं विचारलं की हमखास उत्तर येतं, "अहो, गाडी चाललीच कुठे? चार हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत."

हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हेच इथे समजावून सांगायचं आहे. ज्या गाडीला वर्षातले चारच दिवस खरी मेहनत करायची असते आणि नेमकं त्याच दिवशी सगळं घर तिच्यात बसलेलं असतं, तिची काळजी रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्या गाडीपेक्षा कमी नाही, उलट जास्त घ्यावी लागते.

गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल उघडा. बहुतेकांचं ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असतं. त्यात सर्व्हिसिंगच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं, १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते. आकडे गाडीप्रमाणे थोडे बदलतात, पण वाक्याचा साचा हाच. किलोमीटर लोकांच्या लक्षात राहतात, कारण तो आकडा रोज डोळ्यांसमोर असतो. महिने मात्र कुणी मोजत नाही. खरं तर गाडीची झीज दोन वाटांनी होते. ब्रेक पॅड, क्लच, टायरची नक्षी या गोष्टी चालण्याने झिजतात. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, इंजिन गार ठेवणारं कूलंट, बॅटरी आणि सगळं रबर वयाने खराब होतं, गाडी चालो वा न चालो. काही बाबतीत तर उभी गाडीच लवकर बिघडते.

इंजिन ऑइल: मंडईच्या फेऱ्या आणि पाणी

ऑइल फक्त वंगण म्हणून असतं असा समज आहे. ते इंजिनच्या आतल्या भागांची उष्णता वाहून नेतं, जळणातून तयार होणारी काजळी स्वतःत धरून ठेवतं, पिस्टनच्या रिंगांशी सील धरायला मदत करतं आणि आतला धातू गंजू देत नाही. या कामांसाठी त्यात वेगवेगळी रसायनं मिसळलेली असतात आणि ती हळूहळू खर्ची पडतात.

आता फारसं कुणी न सांगितलेली गोष्ट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब टपकताना दिसतात ते हेच पाणी. पण यातली थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली उतरते आणि इंजिन गार असेल तर ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. तिच्यासोबत न जळलेलं थोडं पेट्रोलही येतं. गाडी तासभर सलग चालली तर ऑइल चांगलं तापतं आणि हे पाणी, हे पेट्रोल उडून जातं. दोन किलोमीटर मंडईपर्यंत आणि दोन किलोमीटर परत, एवढीच फेरी असेल तर ऑइल कधी पुरतं तापतच नाही. पाणी साचत जातं, पेट्रोलमुळे ऑइल पातळ होतं, आम्लता वाढते आणि आत काळा चिखल धरायला सुरुवात होते. म्हणूनच अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये "कठीण परिस्थितीतला वापर" या मथळ्याखाली धूळ आणि तुंबलेल्या ट्रॅफिकच्या शेजारी छोट्या फेऱ्यांचाही समावेश असतो, आणि अशा वापराला ऑइल ठरलेल्या मुदतीच्याही आधी बदलायला सांगितलेलं असतं. चार हजार किलोमीटर झाले असले तरी वर्ष उलटल्यावर ऑइल बदलायचंच.

कोणतं ऑइल? मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा ते थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो आणि दुसरा तापलेल्या इंजिनात किती दाट राहतं ते. "आपल्याकडे गरम हवामान, जाड ऑइल टाकू" असा सल्ला अजूनही काही गॅरेजांत ऐकू येतो. जुन्या, सैल झालेल्या इंजिनांच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजिनांत ऑइल फिरायच्या वाटा बारीक असतात आणि ऑइलचा पंपही त्या हिशेबाने बसवलेला असतो. तिथे गरजेपेक्षा जाड ऑइल घातलं तर सकाळी गाडी चालू करताच वरच्या भागापर्यंत ते वेळेत पोहोचत नाही, आणि इंजिनची बरीचशी झीज नेमकी त्या पहिल्या क्षणांत होते.

महिन्यातून एकदा ऑइल स्वतः बघा. गाडी सपाट जागेवर, सकाळी चालू करायच्या आधी. बोनेट उघडून डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. ऑइलची रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्याही वर असेल तर तेही वाईट, कारण आत फिरणारा क्रँकशाफ्ट त्याला घुसळून फेस करतो. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. घाबरायचं ते ऑइल दुधाळ दिसलं तर. त्याचा अर्थ त्यात पाणी किंवा कूलंट मिसळतंय. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

डॅशबोर्डवर तेलाच्या चंबूचा लाल दिवा पेटला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असं म्हणू नका. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याची खबर देतो. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. त्या अवस्थेत काही मिनिटं चाललेलं इंजिन कायमचं जाऊ शकतं.

ब्रेक ऑइल: घाट उतरण्याआधी वाचावं असं

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. घरच्या गाड्यांमध्ये सगळ्यात दुर्लक्षित काय असेल तर ब्रेक ऑइल, आणि जिवाशी थेट संबंधही त्याचाच.

तुम्ही पेडल दाबता तेव्हा पायाचा जोर एका द्रवातून चाकांपर्यंत जातो. द्रव दाबला तरी आकसत नाही, म्हणून सगळा जोर जसाच्या तसा पोहोचतो. गॅरेजमध्ये याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण हे खनिज तेल नाही. हा ग्लायकॉल जातीचा द्रव आहे आणि तो हवेतली आर्द्रता शोषून घेतो. रबरी नळ्यांमधून, टाकीच्या झाकणातून ती सतत आत येत राहते. गाडी उभी असली तरी येते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर जास्तच.

पाणी मिसळलं की या द्रवाचा उत्कलनबिंदू घसरतो. बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचा द्रव असतो. मानकाप्रमाणे नवा, कोरडा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी गेलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे बाटलीवरचा जो भरवसा घेऊन आपण निघतो, तो काही वर्षांत पंचाहत्तर-एक अंशांनी कमी झालेला असू शकतो, आणि पेडलवर पाय ठेवून ते कळत नाही. शहरात ब्रेक तेवढे तापतच नाहीत. कळतं ते घाटात.

घाटात ब्रेकवर किती ताप येतो याचा हिशेब सोपा आहे. माणसं आणि सामान धरून गाडी १,५०० किलोची समजा. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना सुमारे ६०० मीटर उंची कमी होते. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने साध्या पाण्याचे जवळपास २८ लिटर उकळीला येतील. वाऱ्याच्या आणि टायरच्या अडथळ्यात तिचा काही भाग जातो, पण घाटात वेग कमी असतो, त्यामुळे तो भाग मोठा नसतो. उरलेली सगळी उष्णता कुठेतरी जायलाच हवी. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून फक्त ब्रेकवर उतरवली तर ती चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते, त्यातही पुढच्या दोन चाकांत जास्त. डिस्क तापते, पॅड तापतात, त्यांच्यामागचा द्रव तापतो. त्यात पाणी मुरलेलं असेल तर तो उकळतो आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव आकसत नाही, पण वाफ आकसते. तुम्ही पेडल दाबता, वाफ दबते, चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. पेडल स्पंजासारखं लागतं आणि खाली जाऊन टेकतं.

यात एक फसवी गोष्ट आहे. गाडी कशीबशी थांबली आणि अर्धा तास गार झाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो, पेडल पूर्ववत कडक लागतं. लोकांना वाटतं, काहीतरी अडकलं होतं, सुटलं. गॅरेजमध्ये नेलं तर तिथेही ब्रेक ठीकच लागतात. दोष तसाच राहतो, पुढच्या घाटापर्यंत.

उपाय दोन. पहिला, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलून घ्या. तुमचं मॅन्युअल वेगळी मुदत सांगत असेल तर ती पाळा, पण किलोमीटर बघत बसू नका. वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. जुना द्रव चारही चाकांतून काढून नवा भरावा लागतो आणि नळ्यांतली हवा काढावी लागते. खर्च एका टायरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. द्रवाची पातळी हळूहळू खाली गेलेली दिसली तर आधी पॅड तपासायला सांगा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि पातळी उतरते. एकदम उतरली असेल तर गळती आहे.

दुसरा उपाय ड्रायव्हिंगचा. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. मग गाडीला रोखण्याचं बरंचसं काम इंजिन करतं आणि ती उष्णता ब्रेकमध्ये न जाता इंजिनात जिरते. ऑटोमॅटिक गाडीत एल, २ किंवा एम अशी सोय असते, ती घाटासाठीच आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजूनही भेटतात. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनला जाणारं पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र थोडं पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचत तर काही नाहीच. आणि इंजिन बंद करून उतरणं हा तर जिवाशी खेळ आहे. ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते आणि स्टिअरिंग जड होतं.

घाटात पेडल मऊ लागलंच तर ते भराभर दाबत-सोडत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या कडेला घ्या.

टायरची जन्मतारीख

टायरला नक्षी शिल्लक आहे, म्हणजे टायर चांगला, हा दुसरा मोठा गैरसमज. नक्षी हवीच. कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी असावी लागते आणि ती ओळखायला खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. पावसात याहून आधीच बदललेला बरा, कारण खाचांचं काम पाणी बाजूला फेकण्याचं असतं आणि गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो.

पण रबर वयाने कडक होतं, चिरतं. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांपाशी शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. कमी चालणाऱ्या गाडीत सहा-सात वर्षांचा टायर नक्षीने नव्यासारखा दिसतो आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडलेल्या असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. दहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही असो, काढून टाका. स्टेपनीलाही हेच लागू. ती तर बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून बाहेर काढलेलीच नसते.

हवा किती भरायची हे टायरवर लिहिलेलं नसतं. तिथे असतो तो त्या टायरला सोसेल असा कमाल दाब. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि त्यात दोन माणसांसाठी एक व पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा, असे दोन आकडे बऱ्याचदा असतात. गावी जाताना दुसरा पाळायचा. हवा गार टायरमध्ये मोजायची, म्हणजे घराजवळच्या पंपावर, निघाल्यानिघाल्या.

उन्हाळ्यात "टायर फुटेल, हवा कमी ठेवा" हा सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, त्या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि टायर आतून शिजत जातो. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, डांबर-काँक्रीट त्याहून कितीतरी तापतं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. जुना टायर, कमी हवा, भरलेली गाडी आणि तासन् तास तोच वेग, हे सगळं एकत्र आलं की टायर फुटण्याला फार निमित्त लागत नाही. नायट्रोजनचा मात्र बाऊ करू नका. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. महिन्याला एकदा मोजलेली साधी हवा वर्षभर न मोजलेल्या नायट्रोजनपेक्षा केव्हाही चांगली.

बॅटरी, कूलंट आणि नुसतं उभं राहणं

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनचा संगणक थोडी थोडी वीज घेत असतात. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. ती उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती पूर्वीइतकी भरत नाही. सेल्फ ओढ घेत नाही, नुसता टिकटिक आवाज येतो, ती हीच वेळ. उष्णतेनेही बॅटरीचं आयुष्य घटतं. तीन-चार वर्षं झाली असतील तर मोठ्या प्रवासाआधी दुकानात नेऊन तिचा लोड टेस्ट करून घ्या, बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत होतो.

काही जण रोज सकाळी गाडी जागेवरच पाच मिनिटं चालू करून बंद करतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. सेल्फ मारायला बॅटरीतून गेलेली वीज तेवढ्या वेळात नीट परत भरत नाही, आणि वर सांगितलेलं पाणी ऑइलमध्ये रोज थोडं वाढतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास बाहेर रस्त्यावर चालवून आणा. इंजिन तापतं, बॅटरी भरते, ब्रेकच्या डिस्कवर चढलेला गंज घासला जातो, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. एसीही चालवा, त्याच्या सील्सना आतलं तेल लागत राहतं.

महिनाभर गावी जाणार असाल आणि गाडी मागे राहणार असेल तर पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटून बसतात. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकाला दोन्हीकडून विटा, एवढं पुरतं. ऑटोमॅटिक असेल तर पी. गाडीत खाण्याचा कणही ठेवू नका. बोनेटखाली उंदीर शिरतो तो ऊब आणि वासामुळे, आणि कुरतडलेल्या वायरिंगचं बिल साध्या सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट येतं.

कूलंटबद्दल थोडक्यात. रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत साठतात. कंपनीने सांगितलेलं कूलंट ठरलेल्या प्रमाणात शुद्ध, क्षार काढलेल्या पाण्यात मिसळून घालायचं. त्यातलं गंजरोधक रसायनही वयाने संपतं, म्हणून त्यालाही मुदत असते. गाडी गरम झाली असेल तर झाकण उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं आणि झाकण सैल होताच ते तोंडावर उडतं. उरलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं, मुलं आणि कुत्री दोघांनाही धोका.

२०२३ च्या एप्रिलपूर्वीच्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांनी अजून एक गोष्ट तपासून घ्यावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाच्या पट्ट्यात त्यातलं बरंच तयार होतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घटणं स्वाभाविक आहे. शिवाय ते काही जुन्या रबराला मानवत नाही आणि पाणी ओढून घेतं. सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलच्या नळ्या आणि वॉशर बघायला सांगा, बोनेटपाशी पेट्रोलचा वास आला तर लगेच तपासून घ्या, आणि असं पेट्रोल टाकीत घालून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

पाण्यात बंद पडली तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण पाण्यात गाडी बंद पडण्याचा प्रसंग दर पावसाळ्यात कुणावर तरी येतो. त्यावेळी पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनने हवेच्या वाटेने पाणी ओढलेलं असेल तर ते सिलिंडरमध्ये बसलेलं असतं. पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती भिजलेली गाडी सुकवून, ऑइल आणि फिल्टर बदलून वाचते. सेल्फ मारलेल्या गाडीचं इंजिन खोलावं लागतं. साध्या विमा पॉलिसीत हा खर्च बहुधा येत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. सखल भागात राहत असाल तर नूतनीकरणाच्या वेळी तेवढं विचारून घ्या.

बिल वाचताना

गाडी आत देताना जॉब कार्डवर तुमच्या तक्रारी तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "चेक करा" एवढं पुरेसं नाही. "ब्रेक दाबताना पुढून डावीकडे किर्र आवाज", "८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं" असं. पहिल्या आवाजाचा अर्थ बहुधा पॅड संपत आले, दुसऱ्याचा चाकांचं बॅलन्सिंग गेलं. ऑइल फिल्टर ऑइलसोबत बदलायचाच. एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यांवर मुदतीआधीच तुंबतो, स्वतः काढून उजेडाकडे धरून बघता येतो. एसीचा फिल्टर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि घरच्या घरी बदलता येतो.

यापलीकडे इंजिन फ्लशिंग, डीकार्बनायझिंग, टेफ्लॉन कोटिंग, आतून सुगंधी सफाई अशी यादी समोर येते. यातलं काय मॅन्युअलच्या तक्त्यात आहे, एवढंच विचारा. माझ्या मते वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनला फ्लशिंगची गरज नसते. चमक आवडत असेल तर कोटिंग जरूर करा, पण त्यासाठी ब्रेक ऑइल पुढे ढकलू नका. असं होताना मी पाहतो आणि वाईट वाटतं. किनारपट्टीवरच्या गाड्यांना मात्र खालच्या बाजूचं गंजरोधक लेपन खरंच उपयोगी पडतं, आणि समुद्राच्या वाळूवर गाडी नेली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुणंही.

वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत केंद्रात जाणं सोयीचं. "फ्री सर्व्हिस" म्हणजे मजुरी माफ, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. त्यानंतर ओळखीचा, हाताचा चांगला मेकॅनिक असेल तर त्याच्याकडे जरूर जा. ऑइलचा सीलबंद डबा समोर उघडायला सांगा, काढलेले जुने भाग मागून घ्या, आणि तारीख-किलोमीटर टाकलेलं बिल ठेवा. एका वहीत ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी आणि टायर यांच्या तारखा लिहून ठेवल्या तर पुढचं वर्षभर कुणाला काही विचारावं लागत नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, रबरी असेल तर त्याचीही मुदत तिथेच लिहा. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. पीयूसीची तारीखही त्याच पानावर. बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण-मानकांच्या गाड्यांना ते वर्षाचं मिळतं, आणि नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

आणि गणपतीला निघायचं असेल तर सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नका. दहा-पंधरा दिवस आधी करा आणि मधल्या काळात गाडी थोडी चालवा. फिल्टर नीट बसला नसेल, एखादा नट सैल राहिला असेल, कुठे थेंब गळत असेल, तर ते घराजवळच कळतं. गॅरेजांतही त्या आठवड्यात एवढी गर्दी असते की कुणालाच निवांत काम करता येत नाही. निघायच्या सकाळी फक्त हवा, ऑइल, कूलंट, वायपरचं पाणी आणि सगळे दिवे. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून ब्रेकलाइट बघायचे. स्टेपनीची हवा, जॅक आणि पाना हेही डिकी भरायच्या आधी बघा. तांदळाची पिशवी, नारळ, फणस घेऊन परतताना गाडी जातानापेक्षा जड झालेली असते. गावातल्या पंक्चरवाल्याकडे टायर गार असतानाच हवा बघून घ्या, मगच घाटाला लागा.